तेल हे अर्धंच कारण

‘अमेरिका तेल असेल तिथेच घुसते’ असं नेहमी म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. १९८३ मध्ये अमेरिका ग्रेनडा या कॅरिबियन बेटावर घुसली, तिथे काय होतं? जायफळ! १९८९ मध्ये ती पनामात घुसली, तिथे कालवा होता, तेल नव्हतं.

माझ्या मते पहिला हिशोब हा असतो की समोरचा उलट किती जोरात मारू शकतो. १९९४ मध्ये क्लिंटन प्रशासनाने उत्तर कोरियाच्या योंगब्योन अणुकेंद्रावर हल्ल्याचा गंभीरपणे विचार केला होता. पण दक्षिण कोरियाची राजधानी सोल सीमेपासून जेमतेम ५० किमीवर, तोफांच्या टप्प्यात. शेवटी माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर उत्तर कोरियाच्या राजधानीत, प्योंगयांगला गेले आणि बोलणी सुरू झाली. आता २००३ बघा. जानेवारीत उत्तर कोरियाने अण्वस्त्र प्रसारबंदी करारातून बाहेर पडत असल्याचं उघड जाहीर केलं, आणि मार्चमध्ये हल्ला झाला तो इराकवर, जिथे ती शस्त्रं सापडलीच नाहीत! बारा वर्षांच्या निर्बंधांनी खिळखिळा झालेला देश सोपा वाटला. (किती सोपा निघाला ते पुढे दिसलंच.) लिबियाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अणुकार्यक्रम सोडला, २०११ मध्ये नाटोची विमानं डोक्यावर होती. प्योंगयांगने हे नीट टिपून ठेवलं असणार.

राहिला ‘अमेरिकी काँग्रेस (तिथली संसद) राष्ट्राध्यक्षांना युद्धापासून अडवते’ हा मुद्दा. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी राष्ट्राध्यक्ष बुशना इराकवर हल्ल्याचे अधिकार देऊन टाकले होते. खोडा घातला तो तुर्कस्तानच्या संसदेने. १ मार्च २००३ ला तिथे अमेरिकी सैन्याला वाट देण्याचा ठराव अडला आणि अमेरिकेला इराकच्या उत्तरेकडची आघाडी ठरल्याप्रमाणे उघडता आली नाही.