एकच सायकल, डांबरी आणि कच्चा रस्ता: तुमचा अनुभव काय?

माझी सायकल रोड बाईक, टायर २५ मिमीचे. आठवडाभर डांबरीवर सुसाट जाते, पण रविवारी माझी पावलं मुरमाच्या वाटेकडे वळतात. परवा एकाच फेरीत तीन पंक्चर. तिन्ही वेळा ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. दगडावर आपटून रिमने ट्यूब चिमटली होती. दोन सायकली ठेवायला घरात जागा नाही, त्यामुळे आता दोन्हीकडे चालेल अशी एकच घ्यायची आहे. कॅटलॉगमधलं सगळं वाचून झालंय, स्वतः चालवून जे कळलं ते लिहा.

*

पुढे शॉक असलेली हायब्रिड, म्हणजे रोड बाईक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली, मी तीन वर्षं चालवतोय. घेताना शॉक बघूनच भुललो होतो. साध्या स्प्रिंगच्या शॉकचं वजन दोन किलोच्या पुढे जातं आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की निम्मा जोर तो खाली-वर होण्यातच जातोय असं वाटतं. म्हणून कायम लॉक करून, म्हणजे खाली-वर होणं बंद करून ठेवायचो. दुसऱ्या पावसाळ्यात तो लॉक न करताही लॉक झाला!

खरा आराम मिळाला तो टायर बदलल्यावर. ३५ काढून ४२ घातले आणि हवा ६५ पीएसआयवरून ४०वर आणली. खडीवर हाताला येणाऱ्या मुंग्या थांबल्या. डांबरीवर वेग कमी होईल अशी भीती होती, पण रोजच्या रस्त्याला लागणारा वेळ होता तेवढाच राहिला.

*

माझं मत उलटं. मी एमटीबीच (डोंगरवाटांची माउंटन बाईक) घेतली आणि गुट्ट्यांचे टायर काढून गुळगुळीत घातले. डांबरीवरची ती घूंऽऽ थांबली. अडचण एकच. पुढे ३२ दात, मागे सगळ्यात लहान चक्र ११चं, त्यामुळे ताशी ३५च्या आसपास पाय नुसते भिरभिरतात. मला तेवढ्या वेगाने कुठे जायचंच नसतं. झाडांची मुळं आणि नाल्यातले धोंडे असतील तर मात्र हिच्यासारखी दुसरी नाही.

*

खाली वळलेल्या ड्रॉप हँडलची ग्रॅव्हल बाईक, म्हणजे रोड बाईकसारखीच पण कच्च्या रस्त्यासाठी रुंद टायरची. माझे ४०चे. सायकल उत्तम, चूक माझी. माझ्या मापाची शिल्लक नव्हती म्हणून एक साईझ मोठी उचलली. सीट खाली घेतली की झालं, असं वाटलं होतं. पण सीट खाली घेऊन हँडल काही जवळ येत नाही! महिनाभर मान आणि खांदे धरले. स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा पुढचा तुकडा, १०० मिमीचा होता, तो ७०चा केला तेव्हा कुठे जीवात जीव आला. बायकांना आणि कमी उंचीच्या कुणालाही सांगेन, रंग नंतर बघा, आधी हँडलपर्यंत हात पोचतोय का ते बघा.

गिअरचंही तसंच. चढाला वरचा गिअर कामाचा नसतो. पुढचं सगळ्यात लहान आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र यांचे दात मोजा. माझे ३० आणि ३४ आहेत, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक पूर्ण फेराही घेत नाही. सामान लादून सैल खडीचा चढ चढताना हेच वाचवतं. पुढे-मागे सारखे दात असतील तरी निभेल. त्याहून जड गिअर असेल तर उतरून ढकलायची तयारी ठेवा.

*

चिखलाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? माझ्या फ्रेममध्ये ४२चा टायर ‘बसतो’. कोरड्यात बसतोच. काळ्या मातीत दोनशे पावलंही गेलो नसेन, मागचं चाक फिरायचं थांबलं. काटकीने माती उकरायची, दहा पावलं ढकलायची, पुन्हा उकरायची. असं करत अर्धा तास. आता कुठलीही सायकल बघताना टायर आणि फ्रेमच्या मधून पेन्सिल सरकवून बघतो.

आणि मडगार्ड-कॅरिअरसाठी फ्रेमला आटे पाडलेली भोकं आहेत ना, तेही बघा. नंतर पाडता येत नाहीत.

*

टायर घेताना इंचावर जाऊ नका, फसाल. टायरच्या बाजूला ४०-६२२ असा आकडा असतो. पहिला रुंदीचा, दुसरा रिमवर टायर बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिमीमध्ये. ७००सी आणि २९ इंची ही नावं वेगळी, व्यास ६२२च. एमटीबीच्या जुन्या २६ इंचीचा ५५९.

*

सगळ्यांचे आभार, विशेषतः पेन्सिलवाल्यांचे. आज दोन सायकली चालवून पाहिल्या. पहिली दिसायला देखणी, शॉकवाली. पेन्सिल पुढून गेली, मागे अडकली. दुसरीला शॉक नाही, हँडल सरळ, डिस्क ब्रेक, टायर ३८चे आणि पेन्सिल दोन्हीकडून आरपार. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. दुसरी ठरवली. आता ३८च ठेवू की लगेच ४२ घालू?