ब्रिंजल, एगप्लांट, ओबर्जीन आणि आपलं वांगं... हा शब्द नेमका आला कुठून?

बामणोदचा_शेतकरी

राम राम मंडळी. आमच्याकडे आजोबांपासून भरताचं वांगं लावतात, त्यामुळे हा प्रश्न मला कधीच पडायला पाहिजे होता, पण पडला तो माझ्या सातवीतल्या पोरीला. तिच्या इंग्लिशच्या पुस्तकात ब्रिंजल आहे, मोबाईलवर ती रेसिप्या बघते त्यात एगप्लांट म्हणतात, आणि दिवाळीला तिचा मामा लंडनहून आला होता तो म्हणे तिकडे दुकानात पाटीवर ओबर्जीन लिहिलेलं असतं. तर ती म्हणते पप्पा, एकाच इंग्लिशमध्ये एका भाजीला तीन नावं कशी, आणि या तिघांत आपलं वांगं कुठेच कसं नाही? मी सांगून टाकलं की ब्रिंजल इंग्रजांचा, वांगं आपला, संबंध काही नाही. पण सकाळी क्रेट भरताना डोक्यात तेच चालू होतं, की आपण पोरीला न तपासता उत्तर दिलं.

शेजारचे एक काका सांगतात बैंगन म्हणजे बे-गुण, ज्यात काही गुण नाही ते. आमची आजी म्हणायची वांगं वातूळ असतं, पावसाळ्यात खाऊ नये. यातलं शब्दाच्या बाबतीत खरं काय धरायचं? पोरीला नीट सांगायचंय, जाणकारांनी प्लीज वेळ काढून लिहा.

शब्दवेडी_जळगाव

दादा, आधी पोरीला माझ्याकडून शाबासकी द्या. आणि तिला सांगा की ब्रिंजल आपल्या वांग्याचाच नातेवाईक आहे, ओबर्जीनसुद्धा. तिघांत परका फक्त एगप्लांट.

आता सविस्तर लिहिते. संस्कृतात वांग्याला बरीच नावं आहेत, वृन्ताक, वार्ताक वगैरे, त्यातलंच एक वातिंगण. मराठीचं वांगं, हिंदीचं बैंगन, बंगालीचं बेगुन ही सगळी याच घरातली. पण वातिंगण हा शब्दही मुळात संस्कृतचा नाही, अभ्यासक त्याची मुळं द्रविड भाषांत दाखवतात, तमिळमध्ये जुना शब्द आहे वळुदुणै आणि मलयाळममध्ये आजही वळुदन म्हणतात. म्हणजे दक्षिणेतला शब्द संस्कृतात आला आणि तिथल्या लोकांनी तो आपल्या कानाला बरा वाटेल असा करून घेतला. संस्कृत कोशात वातिगम असंही रूप आहे, म्हणजे जणू वात घालवणारं! तुमच्या आजी म्हणायच्या वातूळ आणि कोशातलं नाव म्हणतं वात पळवणारं. आजींचा अनुभव पोटाचा आहे, तो पोटाच्या बाबतीत धरा, शब्दाच्या बाबतीत तो वात तिथे नंतर शिरलाय एवढंच. काकांच्या बे-गुणचंही तसंच, फारसीतला बे आणि आपला गुण जोडून लोकांनी मागाहून लावलेला अर्थ आहे तो, ऐकायला पटतो म्हणून टिकला.

इथून शब्द निघाला इराणात. तिथे झाला बादेंगान. अरबांनी त्याचा केला बादिंजान. वांगं अरबांसोबत स्पेनला पोचलं आणि इथे रस्त्याला फाटे फुटले. अरबीत नावाआधी अल लावतात, तर अल-बादिंजानचं स्पेनमधल्याच कातालान भाषेत झालं अल्बेर्जिनिया, फ्रेंचांनी ते घासून घासून ओबर्जीन केलं आणि इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचललं. पोरीच्या मामाला दुकानात दिसलं ते हे. स्पॅनिशमध्ये बेरेन्हेना, पोर्तुगीजमध्ये बेरिंजेला. मग 1498 साली पोर्तुगीज कालिकतला आले, पुढे गोव्यात बसले, आणि त्यांच्या बेरिंजेलाचं हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी ब्रिंजल केलं. म्हणून ब्रिंजल इंग्लंडमध्ये फारसं कुणी म्हणत नाही, मुख्यतः आपल्याकडे म्हणतात. आपलाच शब्द इराण, अरबस्तान, स्पेन, पोर्तुगाल फिरून परत आपल्याच बंदरावर उतरला आणि आपण त्याला ओळखलं नाही, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ तेच पान पुन्हा पुन्हा वाचत बसले होते.

व चा ब असं कसं होतं विचारलं तिने तर आपल्या गावातलंच उदाहरण द्या, आपली म्हातारी माणसं डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया म्हणतात, शब्द तोच आणि जीभ बदलली की अक्षर बदलतं.

बामणोदचा_शेतकरी

ताई खूप खूप धन्यवाद, मी वाचून दाखवलं तर ती लगेच नकाशा काढायला बसली. पण मग एगप्लांट कसं काय? आमच्या वांग्याचा आणि अंड्याचा काय संबंध, आमचं तर हिरवं, पांढऱ्या रेघांचं, एकेक पाव अर्धा किलोचं.

शब्दवेडी_जळगाव

युरोपात अठराव्या शतकात लोकांनी जी वांगी बागेत लावली त्यातल्या काही जाती पांढऱ्या आणि बरोब्बर कोंबडीच्या अंड्याएवढ्या होत्या, त्यावरून एगप्लांट. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात तेच नाव राहिलं. नाव ठेवणाऱ्याने जळगावचं भरताचं वांगं बघितलं असतं तर हे नाव पडलंच नसतं. आपल्या या वांग्याला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय तेही सांगा तिला.

इटलीची गोष्ट मात्र मला सगळ्यात आवडते. अरबी बादिंजान ग्रीक लोकांच्या तोंडी मेलिंजाना झालं, त्यांच्या भाषेत मेलास म्हणजे काळा, म्हणून सुरुवातीला म शिरला असणार कारण वांगं काळं दिसतं. तिथून इटलीत मेलानझाना. आता इटालियन माणसाने हा शब्द ऐकला आणि त्यात त्याला मेला इनसाना ऐकू आलं, म्हणजे वेडं सफरचंद, खाल्लं की वेड लागतं असं! वांगं ज्या कुळातलं त्याच कुळात बेलाडोनासारखी विषारी झाडं आहेत, त्यामुळे तिकडे लोकांना आधीच भीती होती आणि नावाने ती पक्की केली. मिरची, टोमॅटो, बटाटाही याच कुळातले. वांग्याचं शास्त्रीय नाव आहे सोलॅनम मेलोंजेना, 1753 मध्ये लिनियस या वनस्पतीशास्त्रज्ञाने दिलेलं, त्यातला मेलोंजेना म्हणजे पुन्हा आपलंच वांगं. आणि रानवांग्याच्या एका जातीला त्याने पुढे नाव दिलं सोलॅनम इनसानम. ते वेड शास्त्राच्या पुस्तकात कायमचं जाऊन बसलं.

अमळनेरचा_इंजिनिअर

या विषयावर मला लिहिलंच पाहिजे. मी दोन वर्षं त्रिनिदादला गॅस प्लांटवर होतो, वेस्ट इंडीजमधलं बेट, क्रिकेटमुळे नाव सगळ्यांना माहिती. पहिल्याच आठवड्यात बाजारात गेलो तर एक बाई वांग्याला म्हणाली बैगन आणि तिच्या शेजारची दुसरी बाई त्याच वांग्याला म्हणाली मेलोंजीन. मला वाटलं दोन वेगळ्या जाती असतील. तसं नव्हतं. 1845 पासून तिकडे उसाच्या मळ्यांवर आपल्याकडचे मजूर नेले, जास्त करून भोजपुरी बोलणारे, त्यांनी बैगन नेलं. आणि त्याआधीपासून तिथे फ्रेंच मळेवाले होते, त्यांचं मेलोंजीन. ताईंचं वरचं वाचून आज कळतंय की एकच शब्द, एक पश्चिमेकडून अरब, इटली, फ्रान्स करत आला आणि एक बोटीत बसून थेट, आणि दोघं त्या बाजारात एकाच टोपलीवर भेटले. अंगावर काटा आला खरंच.

आणि तिथे बैगन चोका म्हणून पदार्थ आहे, वांगं विस्तवावर भाजायचं, सोलायचं, लसूण मिरची घालून ठेचायचं. अरे हे तर भरीत! बिहारच्या चोख्यावरून चोका. कांद्याची पात नाही, शेंगदाणे नाहीत, कळण्याची भाकरी तर नाहीच, पण पहिला घास घेतला आणि मला आमच्या शेतातली चंपाषष्ठीची भरीत पार्टी आठवली, तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचा तो धुराचा वास. त्याच बेटांवर काही ठिकाणी ब्रिंजलचं ब्राउन जॉली पण झालंय, अर्थ माहिती नाही तर लोकांनी आपल्या ओळखीचे दोन शब्द जोडून टाकले.

भुसावळ_जंक्शन

माझी बहीण रशियात एमबीबीएसला होती, ती वांग्याला बकलाझान म्हणायची आणि आम्हाला वाटायचं रशियन शब्द आहे. आता बघितलं तर तुर्की पतलिजान आहे, त्यावरून रशियन. म्हणजे तोही आपलाच निघाला.

आणि एक अजून, माझ्या वाचनात आलेलं, रोमानियात हाच तुर्की शब्द पोचला पण त्यांनी तो वांगं आणि टोमॅटो दोघांना लावला. जांभळं पत्लजा म्हणजे वांगं आणि लाल पत्लजा म्हणजे टोमॅटो. पुढे वांग्याच्या बाबतीत मूळ शब्दच गळून पडला, नुसतं जांभळं म्हटलं की वांगं. म्हणजे भाजी तीच राहूनही शब्द गळून पडू शकतो असं दिसतंय.

नवापूरची_माहेरवाशीण

आमच्याकडे गुजराती शेजार, ते रींगण म्हणतात. हे पण वांग्यातूनच का? मला आपल्या भुईरिंगणीची आठवण येते. आणि चेहऱ्यावर वांग येतात ते पण वांग्यावरूनच ना, काळपट डाग असतात म्हणून? माझ्या सासूबाई त्यामुळे बाळंतिणीला वांगं देत नाहीत.

शब्दवेडी_जळगाव

ताई, रींगण वेगळं घराणं, तुमचा कान बरोबर आहे, भुईरिंगणी त्याच्याच जवळची आणि झाडही वांग्याच्याच कुळातलं. गुजरातीत वेंगण पण म्हणतात, ते मात्र आपल्या वांग्याचं.

चेहऱ्यावरचं वांग संस्कृत व्यंगवरून आलंय, आयुर्वेदात त्या डागांना व्यंगच म्हणतात. वांग्याशी त्याचा काही संबंध नाही. सासूबाईंची दुसरी काही कारणं असतील तर त्यांचं ऐका, पण नावावरून घाबरायचं कारण नाही, इटलीतल्या लोकांचं झालं तेच हे.

एमआयडीसी_वाला

मशीनच्या कामाला चीनला जातो वर्षातून एकदा. तिकडे ग्रुप फोटो काढताना सगळे एकदम छ्येझ म्हणतात, मी विचारलं हे काय तर म्हणे वांगं! आपण चीज म्हणतो तसं, ओठ फाकतात म्हणून. हा शब्द आपल्या वांग्याशी जुळत नाही, त्यांचा स्वतःचा. जपानी लोक नासू म्हणतात आणि नवीन वर्षाच्या पहिल्या स्वप्नात फुजी पर्वत, ससाणा नाहीतर वांगं दिसलं तर शुभ मानतात, कारण नासूचा उच्चार त्यांच्या एका क्रियापदासारखा आहे, काम तडीस नेणे या अर्थाचं. इटलीत ऐकलं वेड आणि जपानमध्ये ऐकलं यश, भाजी एकच.

बामणोदचा_शेतकरी

मंडळी, काय बोलू. पोरीने वहीच्या दोन पानांवर नकाशा काढलाय, तमिळनाडूपासून बाण निघतो, आपल्याकडे एक, इराणला एक, स्पेनला दोन फाटे, एक गोव्याला परत, एक समुद्रातून त्रिनिदादला, तिथे दोन बाण एकमेकांना भेटलेत आणि तिने त्या ठिकाणी टोपली काढलीय. चीन आणि जपानला बाण नाही, नुसता वेगळा रंग. बामणोद मात्र तिने सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलंय, मी म्हटलं बेटा इथून नाही निघाला शब्द, तर म्हणे पप्पा वांगं तर इथूनच निघतं ना रोज.

मी तिला आधी सांगितलेलं चुकीचं होतं हे तिला सांगितलं. आता ती मिरचीचं विचारतेय, त्यासाठी वेगळा धागा काढतो. पुढच्या रविवारी शेतात भरीत करतोय, जळगाव भुसावळकडची जी मंडळी असतील त्यांनी नक्की या, क्रेट बाजूला काढून ठेवतो.

अमळनेरचा_इंजिनिअर

मी भरीत खावाले येस भो. नकाशा पन दखाडजो.