विषय: एनएचएस पेन्शन (१९९५ विभाग): शेवटच्या वर्षी जास्त शिफ्ट केल्या तर पेन्शन वाढते का?

नमस्कार मंडळी,

सभासदांपैकी एका नर्सताईंच्या वतीने विचारते आहे. एनएचएस म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा. तिच्या पेन्शन योजनेच्या १९९५ विभागात (शेवटच्या पगारावर पेन्शन देणारा जुना विभाग) त्यांची २० वर्षं झाली, आठवड्याला २२.५ तास काम. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. शेवटच्या वर्षी शिफ्ट वाढवायच्या का? शिवाय मध्येच आईवडिलांसाठी पुण्याला जाऊन राहायचं झालं, तर काय बुडेल? पगारपत्रक आणि नियम या दोन्हींतलं कळणाऱ्यांनी कृपया लिहावं.

— लेस्टर

*

रि: एनएचएस पेन्शन (१९९५ विभाग)

ताई, हे उत्तर इंग्लंड-वेल्सपुरतं आहे, स्कॉटलंडची योजना वेगळी.

नुसत्या जास्त शिफ्टसाठी जिवाचा आटापिटा करू नका. १९९५च्या नियमांत पेन्शनपात्र पगार म्हणजे पगार, फी आणि इतर नियमित रकमा. बोनस, ओव्हरटाइम आणि खर्चाची भरपाई त्यातून वगळली आहे. रात्रीच्या किंवा रविवारच्या नेहमीच्या ड्यूटीचा जादा दर धरला जातो. एजन्सीमार्फत केलेलं काम अजिबात धरत नाहीत, 'बँके'वरचं (एनएचएस रुग्णालयाच्या स्वतःच्या बदली कर्मचारी यादीतून केलेलं) मात्र पेन्शनपात्र असतं.

अर्धवेळ माणसाने पूर्णवेळाच्या, म्हणजे आठवड्याला ३७.५ तासांपर्यंत केलेले वाढीव तासही पेन्शनपात्र आहेत. पण त्यांनी 'शेवटचा पगार' वाढत नाही, फक्त सेवेची लांबी थोडी वाढते. कारण हिशेबात पगार पूर्णवेळाचा घेतात आणि सेवा तासांच्या प्रमाणात. नर्सताईंच्या बाबतीत २० वर्षं × ६० टक्के = १२ वर्षं. पूर्णवेळ पगार ३६,००० पौंड धरला, तर ३६,००० × १२ ÷ ८० = वर्षाला ५,४०० पौंड, आणि एकरकमी तिप्पट, म्हणजे १६,२०० पौंड. बरेच जण प्रत्यक्ष अर्धवेळ पगारावर, म्हणजे २१,६०० वर हिशेब करतात. मग ३,२४० येतात आणि पोटात गोळा उठतो. सेवा आधीच ६० टक्क्यांवर आणलेली असते, पगार पुन्हा कापायचा नसतो.

आता पगार कोणत्या वर्षाचा धरतात? आर्थिक वर्ष नाही, आणि शेवटचा महिना गुणिले बाराही नाही. नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून मागे मोजलेलं एक वर्ष, त्याआधीचं एक, त्याआधीचं एक, या तिन्हींतलं सर्वांत चांगलं. म्हणून बँड (पगाराची श्रेणी) वाढून पगार ३६,००० चा ४०,००० झाल्यावर सहा महिन्यांत निवृत्त झालात, तर ३६,००० आणि ४०,००० ची सरासरी ३८,००० लागते. सहा महिने आणखी थांबलात तर पूर्ण ४०,०००. शिफ्टपेक्षा ही तारीख ठरवण्यात जास्त लक्ष घाला.

— बर्मिंगहॅम

*

रि: रि: एनएचएस पेन्शन (१९९५ विभाग)

वरच्या मेलमध्ये एक भर. १ एप्रिल २०२२ पासून सगळ्यांची नवी सेवा २०१५च्या योजनेत जमा होते, म्हणजे त्या-त्या वर्षीच्या प्रत्यक्ष पेन्शनपात्र पगाराचा १/५४ भाग. तिथे वाढीव पेन्शनपात्र तासांनी थेट फायदा होतो. वाढीव तासांनी 'शेवटचा पगार' वाढत नाही हे वरचं वाक्य १९९५ विभागातल्या जुन्या सेवेपुरतंच वाचा. २०१५ ते मार्च २०२२ या सात वर्षांबद्दल, पात्र असल्यास, निवृत्तीच्या वेळी जुने की नवे नियम हे निवडता येतं. दोन्हींचे आकडे लेखी मागवूनच सही करा.

पुण्याचा प्रश्न जास्त गंभीर आहे. पेन्शनपात्र नोकरीत सलग पाच वर्षांपेक्षा मोठा खंड पडला, की जुन्या सेवेचा पुढच्या पगाराशी असलेला दुवा तुटतो. भारतातल्या सरकारी रुग्णालयात नोकरी केली तरी हा खंड भरून निघत नाही. राजीनाम्याऐवजी मंजूर बिनपगारी रजा मिळत असेल तर तीच घ्यावी: मालक तयार असेल तर पहिले सहा महिने तुमचीच वर्गणी भरायची, नंतरचे अठरा महिने तुमची आणि मालकाची दोन्ही तुम्ही. हे रजेला निघण्याआधी कागदावर हवं, मागाहून भांडण करावं लागतं.

महाराष्ट्रात सरकारी नोकरी केलेल्यांचा इथे घोळ होतो. तिकडच्या जुन्या पेन्शनमध्ये एकच 'अर्हताकारी सेवा' (पेन्शनसाठी धरली जाणारी नोकरीची वर्षं) मोजतात. इथे अर्हतेसाठी, म्हणजे नुसत्या हक्कासाठी, दोन वर्षं पुरतात, आणि त्यात अर्धवेळही पूर्ण धरतात. रकमेला लागते ती पेन्शनपात्र सेवा, जी कमीच असते. वार्षिक विवरणपत्रात हे दोन आकडे शेजारी-शेजारी दिसतात, मोठा पाहून हरखू नका.

— लीड्स

*

रि: रि: रि: एनएचएस पेन्शन (१९९५ विभाग)

विवरणपत्र उघडल्यावर आधी प्रत्येक वर्षाचे तास आणि सेवेतले 'अमान्य दिवस' (सेवेत न धरलेले दिवस) पगारपत्रकांशी ताडून पाहा. बिनपगारी रजेची नोंद चुकली की तिथेच दिसते. दुरुस्ती मालकाच्या पेन्शन विभागाकडून होते, योजनेकडून नाही. आणि एडब्ल्यू८ (पेन्शन मागण्याचा) अर्ज निवृत्तीच्या तीन-चार महिने आधीच द्या. पुण्यात स्थायिक व्हायचं असेल तर हेही लक्षात ठेवा: एनएचएस पेन्शनमध्ये दरवर्षीची वाढ भारतात राहूनही मिळते, ब्रिटनची स्टेट पेन्शन (सरकारी वृद्धापकाळ पेन्शन) मात्र तिथे गोठते, म्हणजे दरवर्षी वाढत नाही.

— स्लाव