अपडेटनंतर ४८ आकडी किल्ली: घरच्या लॅपटॉपला हे कुलूप हवंच कशाला?

दर्याकिनारा:
रविवारी आईचा लॅपटॉप अपडेट होऊन रीस्टार्ट झाला आणि पासवर्डच्या जागी निळा पडदा आला. बिटलॉकरची (विंडोजमधलं, डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारं साधन) रिकव्हरी की, म्हणजे ते उघडायची किल्ली टाका, ४८ आकडे. आईने आधी पिन टाकून पाहिला, मग घाबरून मला फोन केला, "हॅक झालं का रे?" ती निवृत्त शिक्षिका. शाळेच्या स्नेहसंमेलनांचे सगळे फोटो त्यात, दुसरीकडे कुठेच नाहीत. किल्ली तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली नाही, कारण विकत घेताना दुकानदाराने घाईत स्वतःच्याच ईमेलने सेटअप करून दिला होता.

विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून हे कुलूप लागण्याच्या अटी आणखी सैल झाल्यात. होम आवृत्तीच्या नव्या मशीनवरही मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की हे कुलूप आपोआप लागतं. कुलूप आहे हेच ज्यांना ठाऊक नाही, ते किल्ली कुठे जपणार? मी तर घरातल्या सगळ्या मशीनवरून काढून टाकणार आहे.

तांबडीमाती:
कृपा करून काढू नका. रात्रीच्या बसमध्ये माझी बॅग गेली होती. लॅपटॉपला पासवर्ड होता, एन्क्रिप्शन, म्हणजे हे डिस्कचं कुलूप, नव्हतं. अशा वेळी पासवर्डचा काडीचा उपयोग नाही. मागचे स्क्रू काढायचे, एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, दुसऱ्या मशीनला जोडायची, की सगळं उघडं. आधार, पॅन, बायकोच्या सहीचे स्कॅन. माझ्या नावावर कुणी कर्ज तर काढलं नाही ना, या धास्तीत मी सहा महिने काढले. तुमच्याकडे चुकलं ते दुकानदाराचं, कुलपाचं नाही.

पाऊलवाट:
मी अपडेटच थांबवून ठेवतो. काही अडत नाही.

ओवी_ठाणे:
पाऊलवाट, फायली अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आठवा. त्याची वाट बंद करणारा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मार्च २०१७ मध्ये आला होता, हल्ला मे महिन्यात झाला. ज्यांनी अपडेट लांबवलं तेच सापडले.

मी दुरुस्तीचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मशीन सुरू होताना किल्ली सांभाळणारी टीपीएम नावाची चिप बायॉस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम), सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) वगैरे पूर्वीसारखंच आहे ना ते पडताळते. जुळलं तर किल्ली आपणहून देते, नाही तर माणसाकडे मागितली जाते. अपडेटसोबत बायॉस बदलला तरी हे होऊ शकतं. आणि मायक्रोसॉफ्टकडूनही चूक झालेली आहे: जुलै २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर काही मशीन नाहक या पडद्यावर अडकली, ऑगस्टच्या अपडेटने ते निस्तरलं.

दर्याकिनारा, पडद्यावर की आयडी दिसतोय ना? त्याची पहिली आठ अक्षरं लिहून घ्या आणि दुकानात जा. त्यांच्या खात्यात बऱ्याच किल्ल्या असतील, आयडी जुळणारीच चालेल. तोवर कुणी कितीही सांगितलं तरी रीसेट करू नका. फोटो कायमचे जातील.

दर्याकिनारा:
मिळाली! त्यांच्या खात्यात एकोणीस किल्ल्या होत्या, म्हणजे एकोणीस घरांच्या. मी सहा-सहा आकडे वाचत होतो, आई एका बोटाने टाकत होती. फोटो पेनड्राइव्हवर घेतले.

तरी मत बदललेलं नाही. विचारल्याशिवाय लागू नये म्हणजे नये.

तांबडीमाती:
विचारलं तर नव्वद टक्के लोक "नको" म्हणतील, आणि चोरी झाल्यावर रडतील. मी रडलोय.

ओवी_ठाणे:
किल्ली अजून दुकानदाराकडे आहे हे विसरू नका. एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा, आईच्या खात्याने साइन इन करा, मग हवं तर पुन्हा लावा. नवी किल्ली तयार होईल. ती कागदावर छापून ठेवा.

दर्याकिनारा:
बंद केलं. मग आईलाच विचारलं, परत लावू का? ती म्हणाली, "लॅपटॉप चोरीला गेला तर पोरांचे फोटो कुणाला दिसणार नाहीत ना? मग लाव." नवी किल्ली तिच्या पेन्शनच्या फायलीत ठेवली आहे.