प्रतिसाद: जिन ट्रॅप आणि व्हिनेगर

जुन्या इंग्लिश जिन ट्रॅपचा (सशांसाठीचा स्प्रिंगचा सापळा, चार इंची जबड्यांचा) गंज काढायला तो अख्खाच रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, असं एका पोस्टमध्ये सुचवलंय. जबडे, तळपट्टी आणि ताटली (जिच्यावर पाय पडला की जबडे मिटतात) यांना ते चालेल. स्प्रिंगला अजिबात नाही. ती कडक पोलादाची असते. आम्लाने गंज सुटताना तयार होणारा हायड्रोजन धातूत शिरतो आणि ती ठिसूळ होते. वरून छान दिसते, पण दाबली की कटकन तुटते. विजेवर गंज काढतानाही हाच धोका. रंग जाळायला ज्योत लावली तर पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि जोर संपतो.

म्हणून स्प्रिंग आधी वेगळी करा. तीही दाबून, क्लॅम्पने आवळून, हाताने नको. मग दोन दिवस रॉकेलमध्ये ठेवा, पितळी ब्रशने घासा, कोरडी करून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. ग्राइंडर कृपा करून लावू नका! इंग्लंडमधल्या वेन्सफील्डच्या, हे सापळे बनवणाऱ्या कारखानदारांचे ठसे बहुधा स्प्रिंगवरच असतात, ते गेले की ओळखच गेली. इंग्लंडमध्ये १९५८ पासून हा सापळा लावायला बंदी आहे, संग्रही ठेवायला नाही. मांडताना जबडे मिटलेलेच ठेवा.