प्रेसिडेंट्स कप: सामने कमी करून जागतिक संघ जिंकणार नाही

हिरवळ:
प्रेसिडेंट्स कप म्हणजे गोल्फमध्ये अमेरिका विरुद्ध युरोप सोडून बाकीच्या जगाचा संघ. 2024 चा मॉन्ट्रियल. गुरुवारी अमेरिकेने पाचही फोरबॉल (जोडीतला प्रत्येकजण आपापला चेंडू खेळतो) घेतले. शुक्रवारी आपल्या जागतिक संघाने पाचही फोरसम (जोडी एकच चेंडू आळीपाळीने मारते) जिंकून 5-5 केलं. मात्सुयामा आणि सुंगजे इम यांनी अमेरिकेच्या शॉफेले-कँटलेसारख्या मुरलेल्या जोडीला 7 अँड 6 ने (सहा होल उरले असताना सात होलच्या आघाडीने) लोळवलं. त्या रात्री मला खरंच वाटलं, यंदा होणार. रविवारी निकाल लागला 18.5-11.5. सलग दहावा पराभव. 1994 पासूनच्या 15 स्पर्धांत विजय एकच, 1998 चा, रॉयल मेलबर्नवर. शिवाय 2003 ची बरोबरी.

आता पुन्हा तेच सुरू झालंय: सामने कमी करा, म्हणजे अमेरिकेच्या बारा तगड्या खेळाडूंचा फायदा घटेल. मला हे मुळीच पटत नाही. 2015 ला 34 चे 30 गुण (एका सामन्याला एक गुण) केलेच होते. त्या वर्षी एका गुणाने हरलो, आणि पुढच्याच खेपेला 19-11! आपल्या जोड्या त्या एका आठवड्यात जुळवल्या जातात, दुखणं तिथे आहे. कर्णधार दोन वर्षं आधी नेमा, ठरलेल्या जोड्या वर्षभर एकत्र सराव करू द्या.

चौथा_पुट:
पूर्ण असहमत. जोड्या जुळल्या नव्हत्या तर शुक्रवारचं 5-0 कुठून आलं? घात झाला शनिवारी. आपला कर्णधार वीअरने दोन्ही सत्रांत तेच आठ खेळाडू उतरवले. जेसन डे, मिन वू ली दिवसभर बाहेर. एका दिवसात 36 होल, आणि दोन्ही सत्रं 3-1 ने गेली. संध्याकाळी अंधार पडत असताना कँटलेने अठराव्या होलवर बर्डीचा (ठरल्यापेक्षा एक फटका कमी) पुट टाकून आपल्या टॉम किम-सी वू किम जोडीला हरवलं, तो क्षण अजून डोळ्यांपुढून जात नाही. कर्णधाराचा नवव्या ते बाराव्या खेळाडूवर भरवसा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. सामने कमी असते तर ही वेळच आली नसती. तेव्हाचा आपला कर्णधार निक प्राइसनेही 2015 आधी हेच मागितलं होतं, आणि त्याला हवी होती त्याहून कमी कपात मिळाली.

सरळरेघ:
दोघंही एक गोष्ट विसरताय. 2022 ला कॅमरन स्मिथ त्याच वर्षीचा ओपन विजेता होता, पण लिव्ह या प्रतिस्पर्धी स्पर्धामालिकेत गेल्यामुळे बाहेर. चिलीचा नीमनही नाही. आधीच पातळ असलेल्या संघातून असे खेळाडू गेले तर कसली जोडी आणि कसलं वेळापत्रक?

हिरवळ:
@सरळरेघ, मान्य, तो घाव मोठा होता. पण 2019 ला लिव्ह नव्हतं. कर्णधार एल्सने आकडेवारीवरून जोड्या लावल्या, संघाला स्वतःचं बोधचिन्ह दिलं, आणि शेवटच्या दिवशीच्या एकास-एक सिंगल्सआधी आपण 10-8 ने पुढे होतो. तरी 16-14 ने हरलो. म्हणून मी म्हणतो, हे काम दर खेपेला नव्याने मांडायचं नसतं, ते चालू राहिलं पाहिजे.

दक्षिणवारा:
2015 चा कोरियातला इंचॉन कोण विसरेल? अनिर्बान लाहिरी, प्रेसिडेंट्स कपमध्ये खेळलेला पहिला भारतीय. अठराव्यावर अमेरिकेच्या ख्रिस कर्कने लांबचा पुट घातला, आणि मग लाहिरीचा चार फुटांच्या आतला पुट कडेला लागून बाहेर आला. मी टीव्हीसमोर उभा होतो, खाली बसायचं सुचेना. तो आत गेला असता तर त्या लढतीचा अर्धा गुण आपला होता, आणि तेवढ्यावर 15-15. इतक्या जवळ आलेल्या संघासाठी नियम बदलायचे? त्यांना वेळ द्या. रायडर कपमध्ये अमेरिकेविरुद्धच्या ब्रिटन-आयर्लंड संघात 1979 ला युरोप खंडातले खेळाडू आले, तरी कप जिंकायला 1985 उजाडलं आणि अमेरिकेत जिंकायला 1987.

चौथा_पुट:
@दक्षिणवारा, तुलना नाही जुळत. युरोपची स्वतःची टूर (वर्षभराची स्पर्धामालिका) होती, बॅलेस्टेरोस-लँगर आठवड्यामागून आठवडे तिथे एकमेकांसमोर खेळत. आपला संघ म्हणजे ऑस्ट्रेलिया, कोरिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका. जे अमेरिका नाही आणि युरोपही नाही ते सगळं. अशा संघाला बाराही जण घासून उतरवावे लागतील अशी रचना देणं हा अन्याय आहे.

हिरवळ:
युरोपच्या टूरचा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला की! ते सतत सोबत होते म्हणून जिंकले. आपले बरेचसे खेळाडू आज अमेरिकेतल्या एकाच पीजीए टूरवर असतात, मग सराव फेऱ्या ठरवून एकत्र खेळायला अडचण काय? शनिवारच्या आठ जणांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, ते मी हलकं घेतलं होतं. 2026 ला शिकागोजवळच्या मेडिनात ओगिल्वी आपला कर्णधार आहे. त्याने बाराही जणांना शनिवारी निदान एकदा उतरवावं, मग गुण 30 असोत की 28.