मदत हवी आहे: आईच्या नावावर आधीच मतदान

मंडळी, २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेसाठी आई लालबागच्या चाळीतून सकाळी साडेसातलाच केंद्रावर पोचली. यादीत तिच्या नावावर आधीच मतदान झाल्याची खूण! ओळखपत्र दाखवलं तरी ‘तुमचं मत झालंय’ म्हणत परत पाठवलं. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे मला विचारणार कशी?

नंतर वाचलं की १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतल्या ४९-पी प्रमाणे अशा वेळी ओळख पटली की प्रदत्त मतपत्रिका (टेंडर व्होट) मिळते. मशीनवर नाही, कागदावर शिक्का. मग ती वेगळ्या पाकिटात.

कुणी असं मत दिलंय का? केंद्राध्यक्षांकडे नेमकं काय मागायचं? नकार दिला तर तिथल्या तिथे कुणाला गाठायचं? आई म्हणते, आता पाऊलच टाकणार नाही केंद्रात.